लंघन आणि उपासमार : मांसल कोंबडीच्या प्रारंभिक आहार-नियंत्रणाचा इतिहास आणि गुहागर परिसर

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास म्हटला की दुष्काळ, धान्यबाजार, जमीन महसूल आणि शिधावाटप हे विषय आपल्यासमोर येतात. माणसाने पाळलेल्या पशुपक्ष्यांना काय, किती आणि केव्हा खाऊ घातले, या प्रश्नाचा इतिहास मात्र इतिहासाच्या अभ्यासकांनी बहुतांशी पशुवैद्यकांकडे सोपवलेला आहे. वास्तविक पाळीव प्राण्याच्या आहारात त्या त्या काळातील अर्थव्यवस्था, विज्ञान आणि सामाजिक संबंध यांचे प्रतिबिंब पडलेले असते. मांसल कोंबडी, म्हणजेच बोलीभाषेतील ‘ब्रॉयलर’, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

ब्रॉयलर पिल्लांना वयाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काही दिवस हेतुपुरस्सर कमी खाद्य द्यावयाचे आणि नंतर पुन्हा पोटभर खाऊ द्यावयाचे, या पद्धतीस कुक्कुटशास्त्रात ‘प्रारंभिक आहार-नियंत्रण’ असे म्हटले जाते. ज्या पक्ष्याचे मूल्य त्याच्या वजनावर ठरते त्यालाच अर्धपोटी ठेवण्याचा विचार शास्त्रज्ञांना का करावा लागला, हा प्रश्न जितका जीवशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही आहे. आपल्याकडे लंघनाला औषध मानले जाते आणि उपासमारीला आपत्ती. दोहोंत पोट रिकामेच राहते. परंतु किती दिवस, कोणत्या वेळी आणि कोणाच्या निर्णयाने, यावरून दोहोंतील भेद ठरतो. प्रस्तुत निबंधात हाच भेद कसोटी म्हणून वापरला आहे.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. १) प्रारंभिक आहार-नियंत्रणाच्या कल्पनेचा उगम व विकास कालानुक्रमे पाहणे. २) पक्ष्याची वाढ आणि आतड्याचे आरोग्य यांवरील तिच्या परिणामांविषयीचे ज्ञान कसे बदलत गेले ते स्पष्ट करणे. ३) गुहागरसारख्या किनारी तालुक्यातील कुक्कुटपालकाच्या दृष्टीने या ज्ञानाचा अर्थ तपासणे. निबंध प्रामुख्याने प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्यास परिसराच्या सामान्य निरीक्षणाची जोड दिली आहे. लेखक पशुवैद्यक नाही. त्यामुळे येथे कोणताही उपचार सुचविण्याचा हेतू नाही.

डालग्याखालचे पिल्लू

उत्तरेस दाभोळची खाडी, दक्षिणेस जयगडची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्रीकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख, अशा चौकटीत गुहागर तालुका वसलेला आहे. भातशेती, आंबा-काजू, नारळ-पोफळी आणि मासेमारी यांवर येथील जीवन उभे राहिले. या अर्थव्यवस्थेत कोंबडीला स्वतंत्र व्यवसायाचे स्थान नव्हते. ती घरामागच्या पडवीत, खुराड्यात आणि परसात वाढे. तिची देखभाल घरातील स्त्रिया व मुले करीत. अंडी विकून आलेले चार पैसे हे पुष्कळदा घरातील स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न असे. गावच्या राखणदाराला द्यावयाचा कोंबडा, पाहुण्यांसाठी कोंबडी-वडे आणि अडीअडचणीला बाजारात नेण्याजोगी वस्तू, असे तिचे सामाजिक मूल्य होते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या गावठी पिल्लाला भरपेट खाद्य कधीच मिळत नसे. खुडूक कोंबडीने उबवलेली पिल्ले पहिले काही दिवस डालग्याखाली राहत. त्यांच्यापुढे मूठभर कण्या टाकल्या जात. नंतर आईमागे फिरत किडे, वाळवी, गवताचे बी आणि उकिरड्यावरचे दाणे टिपावे लागत. घार, कावळा, मुंगूस आणि मानमोडी यांच्या तावडीतून जी पिल्ले वाचत, ती पाच-सहा महिन्यांनी एक-दीड किलोची होत. म्हणजे प्रारंभिक आहार-नियंत्रण येथे होतेच. परंतु ते कोणी ठरवलेले नव्हते. पक्ष्याची वाढ मुळातच संथ असल्याने हृदय, फुप्फुसे, हाडे आणि आतडे यांची वाढ स्नायूंच्या बरोबरीने होत असे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण तिच्यात पिल्लांची मरतूक मोठी होती आणि उत्पन्न तुटपुंजे होते. मात्र अतिवेगाने वाढल्यामुळे होणारे आजार तिला ठाऊक नव्हते.

बदललेला पक्षी

मांसल कोंबडीच्या आधुनिक उद्योगाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील डेलावेअर राज्यापासून सांगितला जातो. तेथील सिसिल स्टील या शेतकरी महिलेने १९२३ मध्ये अंड्यांसाठी ५० पिल्ले मागविली असता ५०० पिल्ले आली आणि तिने ती मांसासाठी वाढवून विकली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, ‘उद्याची कोंबडी’ या नावाने तेथे राष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. भरदार छातीचा आणि लवकर वाढणारा पक्षी शोधणे हा तिचा हेतू होता. तेव्हापासून निवड-पैदाशीचा वेग वाढत गेला.

या बदलाचे मोजमाप कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ व १९७८ या सालांतील जतन केलेले वाण आणि २००५ मधील व्यापारी वाण त्यांनी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम भरली. खाद्य समान असल्यामुळे हा फरक आनुवंशिक निवडीचा होता, हे स्पष्ट होते. ब्रॉयलरच्या बाबतीत ‘औषधे टोचून फुगवलेली कोंबडी’ असा जो लोकसमज आपल्याकडे आढळतो, त्याचे निराकरण या एका प्रयोगाने होण्यासारखे आहे.

या पक्ष्यात आपल्या परिसराचाही अंश आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा मानला जातो. तथापि तिच्या त्वचेला व पायांना पिवळा रंग देणारे जनुक दक्षिण भारतातील राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हा राखी रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलात आजही वावरतो. म्हणजे परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिवळ्या पायांच्या ब्रॉयलरचे नाते या डोंगररांगांशीही पोहोचते.

मात्र वाढीच्या वेगाची किंमत पक्ष्याला मोजावी लागली. सुमारे ४० ग्रॅमचे पिल्लू पहिल्याच आठवड्यात चौपट किंवा त्याहून अधिक वजनाचे होते. स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरविताना हृदय व फुप्फुसे यांच्यावर ताण येतो आणि पोटात पाणी साचून जलोदर होतो. धडधाकट दिसणारा पक्षी अचानक पाठीवर पडून मरतो; पायांची हाडे वाकतात; पोटात नको तितकी चरबी साठते. भरपेट खाणे हेच जेव्हा आजाराचे कारण ठरू लागले, तेव्हा खाण्यावर बंधन घालण्याचा विचार पुढे आला.

वाढीच्या भरपाईची कल्पना

या विचाराची मुळे कोंबडीत नसून उंदरात आहेत. अमेरिकेतील ऑस्बॉर्न आणि मेंडेल या आहारशास्त्रज्ञांनी (हे मेंडेल अनुवंशशास्त्राचे जनक नव्हेत) १९१५-१६ च्या सुमारास असे दाखवले की, दीर्घकाळ वाढ खुंटलेल्या उंदरांना पुरेसा आहार दिल्यास त्यांची वाढ पुन्हा सुरू होते, आणि ती नेहमीपेक्षा वेगाने होते. १९५५ मध्ये बोहमन यांनी गुरांच्या संदर्भात ‘भरपाईची वाढ’ ही संज्ञा वापरली. १९६० मध्ये विल्सन आणि ऑस्बर्न यांनी सस्तन प्राणी व पक्षी यांतील भरपाईच्या वाढीचा विस्तृत आढावा घेतला. भरपाई कितपत होईल हे उपासाची तीव्रता, त्याचा कालावधी आणि त्या वेळचे वय यांवर अवलंबून असते, हे या अभ्यासपरंपरेतून स्पष्ट झाले.

ब्रॉयलरच्या बाबतीत निर्णायक ठरलेला प्रयोग इस्रायलमधील प्लावनिक आणि हुरविट्झ यांचा असून तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी साधारण सहाव्या दिवसापासून आठवडाभर पिल्लांना केवळ जीव व वजन टिकेल इतकेच खाद्य दिले आणि पुढे मुक्त आहार दिला. आठ आठवड्यांच्या सुमारास या पक्ष्यांनी इतरांचे वजन गाठले. त्यांना प्रति किलो वजनासाठी कमी खाद्य लागले आणि पोटातील चरबीही कमी भरली. या निष्कर्षांनी जगभर उत्साह निर्माण केला. पुढील दशकात ठिकठिकाणी असे प्रयोग झाले, पण त्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. जलोदर, आकस्मिक मृत्यू आणि पायांचे दोष कमी होतात, याविषयी बऱ्यापैकी एकमत झाले. वजनाची पूर्ण भरपाई आणि चरबीतील घट यांबाबत मात्र मतभेद राहिले.

या मतभेदाचे एक कारण ऐतिहासिक आहे, आणि ते येथे आवर्जून नोंदविणे आवश्यक वाटते. १९८५ च्या प्रयोगात भरपाईसाठी आठ आठवड्यांचा अवकाश गृहीत धरलेला होता. आज आपल्याकडे ब्रॉयलर पक्षी साधारणपणे ३५ ते ४२ दिवसांत विक्रीस जातो. ज्या निवड-पैदाशीमुळे आहार-नियंत्रणाची गरज उत्पन्न झाली, तिनेच त्या उपायास लागणारा वेळही हिरावून घेतला. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातील कडक उपास भरून निघण्यापूर्वीच पक्षी बाजारात पोहोचतो. पुढील काळात संशोधकांचा कल आठवडाभराच्या तीव्र उपासाकडून रोजच्या खाद्यात थोडी कपात, काही तास खाद्य बंद ठेवणे किंवा चुऱ्याच्या स्वरूपात खाद्य देणे, अशा सौम्य पद्धतींकडे वळलेला दिसतो, तो याच कारणाने.

आतड्याचे आरोग्य : दुसरा अध्याय

आरंभी वजन आणि चरबी यांपुरता असलेला हा विषय पुढे आतड्याकडे वळला. त्यामागे प्रतिजैविकांचा इतिहास आहे. १९४९-५० मध्ये अमेरिकेत जूक्स आणि स्टोकस्टाड यांच्या कामातून असे दिसले की, खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविक घातल्यास पिल्ले अधिक वेगाने वाढतात. पुढील काही दशके वाढवर्धक म्हणून प्रतिजैविकांचा वापर जगभर रूढ झाला. परंतु औषधांना दाद न देणारे जीवाणू निर्माण होण्याचा धोका लक्षात येऊ लागला. स्वीडनने १९८६ मध्ये हा वापर थांबवला. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून वाढवर्धक प्रतिजैविकांवर पूर्ण बंदी आली. भारतात २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिन या औषधाच्या वापरावर बंदी घालण्यात आली. प्रतिजैविकांचा आधार कमी होऊ लागल्यावर आतडे निरोगी ठेवण्याचे अन्य मार्ग शोधणे भाग पडले, आणि आहार-नियंत्रणाकडे नव्याने पाहिले गेले.

आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. त्यांच्याद्वारे पोषकद्रव्ये शोषली जातात. आतड्याचे वजन शरीराच्या मानाने थोडे असले तरी त्याच्या पेशी सतत झिजतात व नव्याने तयार होतात; त्यामुळे त्याच्यावर शरीराचा बराच खर्च होतो. खाद्य कमी पडताच रसांकुर आखूड होतात. पुन्हा खाद्य मिळू लागले की पचनसंस्थेचे अवयव स्नायूंच्या आधी सावरतात आणि मग शरीराची भरपाई सुरू होते. दुसरीकडे, भरमसाट खाल्लेले व न पचलेले प्रथिन आतड्याच्या खालच्या भागात पोहोचले की तेथे क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंना खाद्य मिळते. त्यातून आतड्याचा दाह होऊन अस्तर सडू लागते. माफक आहारात हा धोका घटू शकतो. लंघनाचा लाभ तो हाच.

तथापि लंघन उपासमारीत केव्हा बदलते, हेही संशोधनाने दाखवले आहे. दीर्घकाळ खाद्य न मिळालेला पक्षी गादीतील विष्ठामिश्रित तूस टिपू लागतो. त्यावाटे रक्ती हगवणीचे व साल्मोनेलाचे जंतू पोटात जातात. खाद्य पुन्हा मिळताच पक्षी झुंबड करतात आणि दुबळे पिल्लू मागे पडते. याहून महत्त्वाचा मुद्दा वयाचा आहे. इस्रायलमधीलच नॉय आणि स्क्लान यांनी १९९० च्या दशकात असे दाखवले की, अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला जितक्या लवकर खाद्य मिळेल तितका त्याच्या पोटातील उरलेला बलक लवकर वापरला जातो आणि आतड्याची वाढ चांगली होते. एकाच देशातील ही दोन संशोधने वरवर परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांस पूरक आहेत : पहिल्या दोन-तीन दिवसांचा उपास हानिकारक, तर दुसऱ्या आठवड्यातील माफक उपास काही परिस्थितीत हितकारक.

महाराष्ट्रातील संस्था आणि करारपद्धती

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८८६ मध्ये परळ येथे स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत मागे जाते. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये आणि नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० मध्ये अस्तित्वात आले. दरम्यान खाजगी क्षेत्रात मोठे स्थित्यंतर घडले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि पुढे पुणे हे या उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. त्या समितीचा विषय अंड्यांचे दर हा होता. मांसल पक्ष्यांच्या पालकाला तिच्यासारखे सामूहिक व्यासपीठ त्या प्रमाणात लाभले नाही.

मांसल कुक्कुटपालनात पुढे करारपद्धती रूढ झाली. या पद्धतीत पिल्ले, खाद्य, औषधे आणि तांत्रिक सल्ला कंपनीचा असतो; शेड, पाणी, वीज, तूस आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. बॅच उचलल्यावर वजनानुसार संगोपन-मोबदला मिळतो, आणि तो खाद्य रूपांतर गुणोत्तर व मरतूक यांवर कमी-अधिक होतो. एकूण उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारण दोन तृतीयांश असल्याने, खाद्याचा प्रत्येक किलो हिशेबात धरला जातो. बाजारभावाच्या चढउतारापासून शेतकऱ्याला काहीसे संरक्षण मिळते, हे या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु पक्षी आणि खाद्य दोन्ही त्याचे नसल्यामुळे, पक्ष्याने किती खावे हा निर्णयही त्याचा राहत नाही.

गुहागरच्या संदर्भात

आमच्या वर्गांत बसणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या घरामागे आता खुराड्याऐवजी पत्र्याची शेड दिसते. मुंबईला नोकरीनिमित्त जाण्याची या तालुक्याची परंपरा जुनी असल्याने, गावी राहून उत्पन्न देणारा कोणताही जोडधंदा येथे मोलाचा ठरतो. म्हणूनच पिल्लाच्या आतड्याचा प्रश्न हा एका परीने कुटुंबाच्या उत्पन्नाचाही प्रश्न आहे. या संदर्भात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट वाहतुकीची. एक दिवसाची पिल्ले येथे बहुधा दूरच्या उबवणी केंद्रांतून, घाट उतरून येतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पहिला दाणा मिळेपर्यंतचा काळ त्यामुळे लांबतो. म्हणजे ज्या दिवसांत उपास घडू नये, नेमक्या त्याच दिवसांत तो प्रवासामुळे घडतो. अशा पिल्लांवर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा नियंत्रण लादताना पहिल्या उपासाचा हिशेब धरावयास हवा.

दुसरी गोष्ट हवामानाची. पावसाळ्यातील दीर्घ ओलाव्यामुळे शेडमधील गादी दमट राहते आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना अनुकूल वातावरण मिळते. भुकेला पक्षी गादी टिपतो हे लक्षात घेता, कोरड्या प्रदेशात लाभदायक ठरलेला उपास येथे जून ते सप्टेंबर या काळात अपायकारक ठरू शकेल. उलट एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या वेळी खाद्य काढून घेणे उपयुक्त असते. पचनक्रियेत शरीरात उष्णता निर्माण होते आणि दमट हवेत धापा टाकून ती बाहेर टाकणे पक्ष्याला कठीण जाते. उन्हाळ्यातील हे काही तासांचे लंघन पालकांच्या अनुभवातही रुजलेले आहे.

तिसरी गोष्ट निर्णयाधिकाराची. आहार-नियंत्रणाने जलोदर व मरतूक कमी झाली तर लाभ दोघांचा. परंतु वजन थोडे कमी भरले किंवा बॅच दोन-तीन दिवस लांबली तर मोबदल्यातील तूट पालकाच्या पदरी येते. जोखीम ज्याच्या अंगावर, त्याच्या हाती निर्णय नाही, अशी ही स्थिती आहे. खाडीपलीकडे दापोलीला कृषी विद्यापीठ असूनही, प्रयोगशाळेतील ज्ञान शेडपर्यंत कराराच्या चौकटीतूनच पोहोचते. करारात लवचीकता नसेल तर ते ज्ञान दारातच थांबते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) प्रारंभिक आहार-नियंत्रण हे आधुनिक पैदाशीने निर्माण केलेल्या समस्येवरील उत्तर असून, गावठी पक्ष्याच्या जगात त्याची आवश्यकता नव्हती. २) १९८५ च्या प्रयोगातील पूर्ण भरपाई ही दीर्घ संगोपनकाळाशी निगडित होती, ३५ ते ४२ दिवसांच्या बॅचला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. ३) आतड्याच्या आरोग्याच्या दृष्टीने उपासाचे वय, कालावधी आणि गादीची स्थिती या बाबी निर्णायक आहेत. ४) पहिल्या दोन-तीन दिवसांत खाद्य व पाणी विनाविलंब मिळणे हे कोणत्याही नियंत्रणापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. ५) कोकणासाठी ऋतुनिहाय आणि वाहतुकीचा काळ विचारात घेणारे स्थानिक प्रयोग व्हावेत, आणि अशा प्रयोगांतील संभाव्य तूट पालकावर न टाकण्याची तरतूद करारात असावी.

या इतिहासाची आणखी एक बाजू नोंदवून हे विवेचन थांबवणे इष्ट होईल. ब्रॉयलर पिल्ले देणाऱ्या मातृपितृ पक्ष्यांना मुक्त आहार दिल्यास ते अतिस्थूल होतात. त्यामुळे वाढीच्या काळात त्यांना त्यांच्या भुकेच्या निम्म्याहूनही कमी खाद्यावर ठेवले जाते. पिल्लाचा उपास काही दिवसांचा, तर त्याच्या आईबापांचा अनेक महिन्यांचा असतो. डालग्यापुढे कण्या टाकणारी गुहागरची गृहिणी पिल्लाला कमी खाऊ घालत असे, कारण तिच्यापाशीच कमी होते. आज खाद्याची पोती शेडमध्ये रचलेली असतात आणि तरीही कोणत्या पक्ष्याने किती काळ भुकेले राहावे, हे दूर कोठेतरी ठरते. ही भूक पक्ष्याच्या आरोग्यासाठी असेल तोवर तिला लंघन म्हणता येईल. केवळ हिशेबासाठी असेल तर तिचे खरे नाव उपासमार हेच आहे.